पडदे बंद ठेवा

मी आयुष्यात एकाच माणसाला जाणूनबुजून चुकीचा सल्ला दिला, आणि देताना माझा आवाज जराही हलला नाही.

शेतकी पदविका घेऊन मी शिरूरजवळच्या एका पॉलिहाउसात, म्हणजे प्लास्टिकच्या छताखालच्या फुलशेतीत, सुपरवायझर म्हणून लागले, तेव्हा दोन हजार साल उलटून चार-पाच वर्षं झाली होती. माझे अब्बा शिरूरच्या एसटी स्टँडबाहेर फुलं विकायचे. पॉलिहाउसच्या मालकांना सगळे आप्पा म्हणत. त्यांना मूलबाळ नव्हतं, म्हणून कारभार पुतण्याच्या हातात होता. हा पुतण्या कॉमर्स शिकलेला. पुण्यातल्या मित्रांबरोबर वर्षातून दोनदा हिमाचलला जाऊन यायचा.

बाहेर शिरूरचं कोरडं ऊन आणि आत बारीक तुषार सोडणाऱ्या फॉगरचं धुकं, गार ओलसर हवा. ती हवा सांभाळणं हेच माझं काम. आमच्या जरबेराच्या फुलांना ती मानवायची. त्या वर्षी पुतण्याने शेवटच्या कप्प्यात काळ्या पिशव्यांमधून काही रोपं आणून ठेवली आणि मला म्हणाला, "शोभेची हायेत मॅडम, तुम्ही लक्ष देऊ नका."

पानं बघून मला पहिल्या आठवड्यातच कळलं की हा गांजा आहे. पण आमच्या भागात उसाच्या आड लपवलेला गांजा मी पाहिला होता, तो माणसाच्या डोक्यावर जायचा. ही झाडं गुडघ्याच्या वर जाईनात, आणि महिना-सव्वा महिन्यात त्यांना फुलं धरली. गांजा असो की शेवंती, दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाही असं मी शिकले होते. शेवंती फुलवायला आम्ही उन्हं असतानाच काळं कापड ओढून अंधार करायचो. ही बुटकी जात उजेड-अंधार बघतच नव्हती, वय झालं की फुलायची. खोटं कशाला सांगू, मला तिचं कौतुक वाटलं. आधी कुतूहल म्हणून आणि मग त्या कौतुकात मी दीड महिना गप्प राहिले.

मग त्याला विचारलं. तो हसला. "मनालीला एका फॉरेनरनं बी दिलंय. तुमचं काय जातंय?"

"रजिस्टरवर सही माझी असते," मी म्हणाले. "मी उद्या आप्पांना सांगणार."

सांगितलं. आप्पा काठी टेकत शेवटच्या कप्प्यात आले, तर कप्पा रिकामा. पुतण्या शांतपणे म्हणाला, "पॅकिंगची खोली बघूया का?" खोलीत पुठ्ठ्याच्या खोक्यांमागे सगळ्या पिशव्या नीट मांडून ठेवलेल्या होत्या.

"हिची चावी कुणाकडं असती?" आप्पांनी विचारलं.

"माझ्याकडं," मी पुतण्याकडे बोट दाखवून म्हणाले, "पण दुसरी चावी यांच्याकडं असते."

दुसऱ्या चावीचं आप्पांनी ऐकलंच नाही. पुतण्याने कानापाशी जाऊन सांगितलं, "चोराच्या उलट्या बोंबा असतात आप्पा. आन् पोलीस आले तर आपलंच नाव जाईल." आप्पांनी झाडं तिथंच जाळायला लावली आणि अब्बांना बोलावून घेतलं.

अब्बा सायकलवरून आले. अंगणात कामावरच्या बायका, ड्रायव्हर, सगळे उभे. अब्बांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि मान खाली घालून म्हणाले, "आप्पा, पोरीची चूक पदरात घ्या." मी म्हणाले, "अब्बा, मी काही केलेलं नाही." त्यांनी माझं मनगट घट्ट दाबून मला मागं ओढलं. पुतण्या पॅकिंगच्या दाराला टेकून उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर कंटाळा होता. राग किंवा भीती दिसली असती तर मी कदाचित एवढं धरून ठेवलं नसतं.

घरी जाताना सायकल हातात धरून अब्बा म्हणाले, "मला ठावं हाय तू केलं न्हाई."

"मग माफी कशाला मागितली?"

"पोलीस आले असते तर कुणाच्या घरी आले असते, त्याच्या का आपल्या?"

त्या दिवसापासून मी याचं उत्तर शोधत होते म्हणा, किंवा संधी.

तिथली नोकरी सुटली. पुढं मला दौंडमध्ये एका शेती औषधांच्या दुकानात सल्लागार म्हणून काम मिळालं. शेतकरी पान घेऊन यायचे, मी रोग ओळखून औषध सांगायची. गरज पडली तर प्लॉटवर जाऊन बघायची. दोन वर्षांत माझ्या शब्दाला किंमत आली. त्या वर्षी श्रावणात सलग झिमझिम लागली होती, आणि एक दिवस दुकानाच्या काउंटरपुढं तोच पुतण्या उभा राहिला. आप्पांपासून वेगळं होऊन त्याने पाटसकडे स्वतःचं पॉलिहाउस टाकलं होतं. मला बघून तो क्षणभर थबकला.

"मॅडम, तुम्ही इथं व्हय?" मग आवाज खाली आणून, "जरबेराला कायतरी आलंय. दुसऱ्या कुणाला दाखवता येत न्हाई, तुम्हीच येऊन बघा."

मी त्याच्याच गाडीतून गेले. जरबेरा ठीक होता. मागच्या पडद्याआड मात्र तीच बुटकी झाडं होती, आता शंभराच्या घरात, फुलांनी गच्च. फुलांच्या गाभ्यात राखाडी लव धरली होती. ओल्या, कोंडलेल्या हवेत येणारी बुरशी. बाजूचे पडदे वर करून वारा खेळता ठेवायचा, फॉगर बंद करायचे, कुजलेली फुलं काढून टाकायची, हे कुणाही शिकाऊ माणसाला सांगता आलं असतं.

"जुनं मनात न्हाई ना धरलं?" त्याने विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "लिहून घ्या. बाहेरच्या वाऱ्यातून बुरशी येते, तेव्हा पडदे पूर्ण बंद ठेवा. फॉगर दर तासाला चालू करा, पानं धुतली गेली पाहिजेत. आठ दिवस दार उघडू नका."

त्याने एकेक शब्द लिहून घेतला. इतकी वर्षं पॉलिहाउस चालवून त्याला हवा म्हणजे काय ते कळलं नव्हतं, कारण ती नेहमी दुसऱ्याने सांभाळली होती.

नवव्या दिवशी मी आपण होऊन गेले. दार उघडताच कुजका वास अंगावर आला. बुटकी झाडं करड्या चिखलासारखी बसली होती. जरबेराचेही दांडे मऊ पडून माना टाकलेल्या. तो पालथ्या बादलीवर बसला होता.

"तुम्ही मुद्दाम सांगितलं," तो म्हणाला.

"हो."

"मी दुकानात तक्रार करीन."

"करा. काय कुजलं तेही सांगा."

तो बादलीवरून उठून उभा राहिला. मी म्हणाले, "उद्या सकाळी दहाला शिरूरच्या स्टँडवर या आणि तुम्ही काय केलंत ते माझ्या वडिलांपुढं सांगा. नाही आलात तर मी आप्पांना इथं घेऊन येते. त्यांची जमीन अजून तुमच्या नावावर झालेली नाही."

तो आला. गिऱ्हाइकं उभी असताना त्याने सगळं सांगितलं, पिशव्या कशा हलवल्या, कुठल्या चावीने. अब्बा हार ओवत ऐकत होते. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, "आप्पांची तब्येत बरी हाय का?" तो हो म्हणाला आणि गेला. मला वाटलं होतं अब्बा हसतील. त्यांनी माझ्याकडून सगळं वदवून घेतलं, पडद्यांचंही, आणि म्हणाले, "तिथं कामाला बाया किती होत्या?"

दोन होत्या. पीक गेल्यावर त्याने पॉलिहाउस बंद केलं आणि त्या घरी बसल्या. मी पाटसला जाऊन त्यांना शोधलं. एकीने उंबऱ्यातूनच सांगितलं, "तुमचं भांडण तुमच्यापाशी. आमचं काम का घालवलं?" दुसरीला मी दौंडच्या एका रोपवाटिकेत लावून दिलं. पहिली माझ्याशी पुन्हा बोलली नाही, आणि तिच्यासमोर माझी मान अजूनही वर होत नाही.

पण तो माणूस आज पुन्हा कुजलेलं फूल घेऊन माझ्यापुढं बसला, तर मी त्याला पडदे बंदच ठेवायला सांगेन.