दोनचा आकडा

“पाचच लिहा हो काका, कोण वाचतंय?” मागच्या बाकावरून कोणीतरी कुजबुजलं. काकांनी फॉर्मवरचा प्रश्न पुन्हा एकदा वाचला: या अभ्यासक्रमाबद्दल आपण किती समाधानी आहात? मग पाचापैकी स्वच्छ दोन लिहिले. मी शेजारीच बसले होते. मी पाच लिहिले होते.

रत्नागिरीतल्या आमच्या रविवारच्या मॅनेजमेंट वर्गात सगळेच नोकरी करणारे. काका सगळ्यांत मोठे, पन्नाशी ओलांडलेले. जयगडच्या बंदरात गेटवर ट्रक सोडायचं त्यांचं काम. सकाळच्या एसटीने यायचे. वर्गात त्यांचा हात कायम वर. असा हात तुम्हीही एखाद्या वर्गात पाहिला असेल: दुसऱ्या हाताने कोपर धरून वर केलेला, उत्तर मिळेपर्यंत खाली न येणारा.

“सर, रांगेतला एक ट्रक मधेच बंद पडला तर? तुमच्या रांगेच्या सूत्रात तो कुठं बसतो?”

“ते सिलॅबसमध्ये नाही.”

वर्ग हसायचा. काकाही हसायचे, पण हात वरच.

मग वहीआडून मला विचारायचे, “काय गो बाय, तुला कळला?”

मी मान डोलवायचे. माझं इंग्रजी चांगलं, म्हणजे मला सगळं कळतं, असा त्यांचा समज. “मग मीच ढ,” म्हणत ते सूत्र पुन्हा उतरवून घ्यायचे. खरं तर मलाही काही कळलेलं नसायचं.

शेवटच्या रविवारी संस्थेच्या संचालकांनी फॉर्म वर्गातच चाळले. कोणत्याच फॉर्मवर नाव नव्हतं.

“हे दोन कोणाचे?”

काका उभे राहिले. “माझे, सर.”

“प्रमोशनसाठी आमचं शिफारसपत्र हवंय ना तुम्हाला?” संचालक हसतच म्हणाले. “चुकून झालं असेल. पाच करा.”

“पत्र हवाय, सर. पण ट्रकाचा अजून कळला नाय.”

“तुम्हा एकट्यालाच नाही कळलं. बाकी सगळे समाधानी आहेत.”

काकांनी वर्गावर नजर फिरवली. माना मोबाईलमध्ये. त्यांनी फॉर्म हातात घेतला, पेन टेकवलं. पेन हलेना. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

वर्षभरात हजेरीशिवाय मी त्या वर्गात एक शब्द बोलले नव्हते. उठताना गुडघा बाकावर आपटला.

“सर,” मी म्हणाले, “माझा फॉर्म परत द्या. मी पाच खोटे लिहिलेत.”