जे विमान लागलं असेल ते

त्या साली पावसानं दडी मारली, उसाची चिपाडं झाली आणि आमच्या सहकारी साखर कारखान्याचा बॉयलर पेटलाच नाही. मी तिथं शेतकऱ्यांना ऊसतोडीच्या चिठ्ठ्या देणारा. ऊसच नाही, तर चिठ्ठ्या कसल्या? दिवसभर घरात येरझारा घालायचो. पुढच्या दारातून मागच्या दारी, मागून पुन्हा पुढं. बायको टँकरची वाट बघत पिंपापाशी.

"अहो, एका जागी बसा की! मला गरगरायलंय."

"चल, कुठंतरी जाऊ."

"का, कुणाचं काय झालंय?"

तिचंही बरोबर होतं. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण लग्न, बारसं नाहीतर दहावा असल्याशिवाय मी तिला गावाबाहेर नेलं नव्हतं. मला ते झोंबलं. म्हणालो, "कुणाचं काही न होता जाऊ. आन् विमानानं जाऊ!"

मला वाटलं, हसेल. ती उठून पिशवी भरायला लागली.

संभाजीनगरच्या विमानतळावर पोचेपर्यंत माझा बेत यष्टीच्या स्टँडवरचाच होता. जायचं, कुठली गाडी लागलीय बघायचं, खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची. रुमाल खरोखरच हातात होता. दारावरच्या जवानानं तिकीट मागितलं.

"आत काढतो की."

"काका, तिकिटाशिवाय आत सोडत नाहीत."

"मग आत गेल्याबिगर कळावं कसं, कुठली लागलीय?"

त्यानं हसू दाबत बाहेरच्याच एका खिडकीकडं बोट केलं. तिथल्या मुलीनं विचारलं, "कुठं जायचंय?"

एवढा साधा प्रश्न! मला फक्त 'इथून' जायचं होतं. 'कुठं' याचा विचारच केला नव्हता.

"लवकर कुठलं निघतंय?"

"हैदराबाद. जागा आहेत."

झालं, मी मागं सरकलो. बायकोला म्हणालो, "अगं, परवा टँकर येतोय. पिंप कोण भरील?"

"जाऊबाईला सांगून आले."

"आन् कारखान्यातून बोलावणं आलं तर?"

"कावून? ऊस न्हाई म्हणून बॉयलरमधी तुमाला घालणार हायत का?"

खिडकीतली मुलगी खुदकन हसली. बायकोनं मला कोपरानं बाजूला केलं.

"बाई, हैदराबादेत आमचं कुणी न्हाई. लग्न न्हाई, मयत न्हाई. दोन द्या."

"परतीचं कधीचं देऊ?"

'उद्याचं' हे माझ्या ओठांवर आलंच होतं. बायकोनं माझ्याकडं असं बघितलं, की मी ते गिळून टाकलं.

"ते तिथं गेल्यावर बघू," ती म्हणाली, आणि माझ्या खिशात हात घालून माझं आधार कार्डही तिनंच काढून दिलं.