निळी पानं, गुलाबी पानं

तुमची वाक्यं कुणी बदलली आणि खाली नाव तेवढं तुमचं ठेवलं, तर ते नाव तुम्ही राहू द्याल का?

कामाच्या व्हिसावर इंग्लंडमध्ये लीड्सला आले तेव्हा मला याचं उत्तर पाठ होतं. नागपुरात वडील कामगार संघटनेची पत्रकं लिहायचे. शाई वाळायच्या आत मी ती वाचून काढायची. 'तडजोड' हा शब्द त्यांत शिवीसारखा यायचा.

इथल्या लायब्ररीत शनिवारी एक म्हातारा अमेरिकन नाटककार लेखनाचा वर्ग घ्यायचा. मुलगी लीड्सला असते म्हणून आलेला. खाटकाचा मुलगा. तरुणपणी चर्चच्या तळघरात नाटकं केली, ती पुढे न्यूयॉर्कमध्ये गाजली, मग सिनेमावाल्यांनी त्याला कॅलिफोर्नियाला नेलं. तिथे पटकथेत बदल झाला की ते पान नव्या रंगात येतं. आधी निळं, मग गुलाबी, मग पिवळं. बदल करणारे दुसरेच असायचे, आणि याची मूळची पांढरी पानं कमी होत जायची. सगळ्यांत गाजलेल्या सिनेमात त्याचं एकच वाक्य उरलं होतं.

"कुठलं?" मी विचारलं.

"'दार लाव.' फार छान म्हटलं होतं नायिकेने."

वर्ग हसला. मला हसू येईना. "मग तुम्ही नाव का नाही काढून घेतलं?"

"पटकथा मी विकली होती. विकलेल्या घराला कुठला रंग द्यायचा ते नवा मालक ठरवतो. नाटक विकत नाहीत, प्रयोगाला देतात. तिथे मला विचारल्याशिवाय स्वल्पविरामही हलत नाही. म्हणून परत नाटकाकडे आलो. बंगला गेला, झोप परत आली."

त्याच सुमारास इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीसाठी मी नाटक लिहिलं होतं. आमच्याकडे रीत अशी की प्रत्येक सभासदाच्या मुलाला निदान एक वाक्य मिळालंच पाहिजे. मी ती पाळली. एकच प्रसंग मोठ्यांचा होता. व्हिसाचे नियम बदलल्यामुळे नोकरी न मिळालेला डॉक्टर पुण्याला आईला फोनवर सांगतो, आज ओपीडीत फार गर्दी होती. ती भूमिका करणारा खरोखरच तसा डॉक्टर होता. लवकरच तो कायमचा परत जाणार होता. त्याआधी एकदा सगळ्यांसमोर हे बोलायचं, एवढंच त्याला हवं होतं.

सेक्रेटरीकाकांनी नेमका तोच प्रसंग कापला. "अगं, लोक दोन घटका हसायला येतात. व्हिसाचं रडगाणं घरी आहेच की. तेवढ्या वेळात चार मुलं जास्त बसतात."

"काका, नाटक पूर्ण होईल, नाहीतर होणार नाही."

"मग मुलांच्या आयांना तूच फोन कर. धोतरं शिवून झालीत."

मी खरंच फोन काढला. डॉक्टरने मला बाजूला घेतलं. "तुझं तत्त्व शाबूत राहील गं. मी मात्र न बोलताच विमानात बसेन. काकांना विचार, जेवणानंतर चालेल का?"

काकांना चाललं. मी धुमसत अमेरिकनाकडे गेले. "एक शब्दही बदलणार नाहीत, पण प्रसंग जेवणानंतर. ही तडजोडच ना?"

तो म्हणाला, "ठाऊक नाही. असा नट मला कधी भेटला नाही. माझे सगळे जास्त वाक्यं मागायला यायचे."

डॉक्टर उभा राहिला तेव्हा मसालेभाताची रांग अजून हलत होती. पुढच्या टेबलांवरची बोलणी थांबली. मागे कुणीतरी "मठ्ठा संपला का?" विचारत राहिलं. ज्यांनी हे ऐकायला हवं होतं ते मंडळातले मोठ्या हुद्द्यावरचे डॉक्टर जेवून कार पार्ककडे गेले होते. तो शेवटपर्यंत बोलला, टाळ्यांसाठी न थांबता माझ्या शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "झालं बाई एकदाचं."

तो गेला. त्याचं समाधान झालं, माझं अजून होत नाही. माणसाचे शब्द जसेच्या तसे ठेवूनही त्याचं बोलणं बुडवता येतं, हे आमच्या पत्रकांत कुणी लिहिलं नव्हतं. म्हणून विनंती करते. यंदा तुमच्या मंडळाची बैठक होईल तिला जा, आणि असा प्रसंग कुणी लिहून आणला असेल तर हात वर करून तो जेवणाआधी ठेवायला लावा.