मापाच्या वहीतली कादंबरी

हेमाताई पहिल्यांदा माझ्या दुकानात आली तेव्हा तिच्या गळ्यात शिवणाची टेप होती. म्हापशाचा शुक्रवार, बाजाराची ही गर्दी, आणि ही बाई पार्शाहून बसने तशीच आलेली. मी म्हटलं, "टेप राहिलीय गळ्यात." तिने हात लावून बघितलं. "अगो बाय! तरीच बसमधली ती बाई माका ब्लाऊजाचां विचारी होती!" मग पिशवीतून सात लांबट वह्या काढून तिने माझ्या टेबलावर ठेवल्या. "कादंबरी आसा. टाइप करून दी. फुडल्या शुक्रारी येतंय." एवढं सांगून ती अस्तराचं कापड आणि हूक घ्यायला बाजारात पळालीसुद्धा. तिचं नाव मला वहीवर वाचावं लागलं.

मी तेव्हा म्हापशात मराठी टायपिंगचं दुकान चालवत होते. माझा नियम एकच. लेखकाने लिहिलंय ते टाइप करायचं, आपली अक्कल पाजळायची नाही. अर्थ लागत नाही अशा कविता मी ढिगाने टाइप केल्या होत्या आणि कवींनी पेढे देऊन माझ्या समजूतदारपणाचं कौतुकही केलं होतं. त्यामुळे हेमाताईच्या पहिल्याच पानावर 'सावित्री धक्क्यावर येऊन उभी राहिली आणि छाती छत्तीस, कंबर तीस, बाही नऊ, गळा मागून गोल, बुधवारी पाहिजे, तिने पदर खोचला' असं वाक्य आलं तेव्हा मी जराही दचकले नाही. नवीन शैली असणार. बाईचा देह, समाजाची मापं, असं काहीतरी खोल असणार. मी भक्तिभावाने चाळीस पानं टाइप केली.

पुढच्या शुक्रवारी तिने ती पानं हातात घेतली, दोन ओळी वाचल्या आणि मटकन स्टुलावर बसली. मला वाटलं, चक्कर आली. बघते तर बाई हसतेय, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसतेय. "अगो शाणे, तां सावित्रीचां माप न्हय! तां पोस्टातल्या बाईचां! ती अजून ब्लाऊजाची वाट बघता!" माझा चेहरा बघून तिला आणखीच हसू फुटलं. शेवटी मीही हसले. काय करणार? चाळीस पानं परत टाइप करायची होती, आणि चूक माझ्या हुशारीची होती.

तेव्हा मला तिच्या लिहिण्याची सगळी तऱ्हा कळली. पार्शाला घराच्या पुढच्या खोलीत तिचं शिवणयंत्र. शेजारी मापाची वही, दोरीला बांधलेलं पेन. लिहायला सुचलं की हाताशी असेल तीच वही. लिहिताना कोणी आलं की उठायचं, माप घ्यायचं, ते त्याच ओळीत पुढे लिहायचं आणि गिऱ्हाईक गेलं की कादंबरी तिथून पुढे सुरू. मी म्हटलं, "अगं, निदान वाक्य तरी पुरं करून उठावं माणसाने."

"तां मात्र करू नये," ती गंभीरपणे म्हणाली. "वाक्य पुरां करून उठलां काय मेलां. परत बसल्यार खयसून धरूचां तां कळणा नाय. सुई कपड्यातच ठेवन उठाचां. मग हात आपोआप थय जाता." आणि खरंच, तिच्या वहीत बघितलं तर प्रत्येक मापाच्या आधीचं वाक्य अर्धवट होतं. 'आणि' वर तुटलेलं, 'पण' वर तुटलेलं, एकदा तर 'सावि' वर तुटलेलं. मापानंतर 'त्रीने' येऊन वाक्य सरळ पुढे गेलं होतं.

वाचनाचंही तसंच. रोज बारा पानं, हा तिचा नेम. गावच्या वाचनालयातलं पुस्तक यंत्राच्या फळीवर उघडं ठेवलेलं, पान उडू नये म्हणून त्यावर कातर. हातशिलाई करताना, काजं करताना डोळे पुस्तकात. मी विचारलं, "सुई बोटात जात नाही?" तर म्हणाली, "चांगल्या पुस्तकात जाता." वीज गेली की सगळा वाडा करवादायचा, आणि हिचं यंत्र मोटरवर चालणारं, ते बंद पडायचं म्हणून ही खूश. "आज वीस पानां झाली गो," असं लॉटरी लागल्यासारखं फोनवर सांगायची.

मला मात्र हे बघवत नसे. मी शिस्तीची बाई. मी तिला ऐकवलं, वेळ ठरव, दार लाव, पाटी लाव. तिने मुकाट्याने ऐकलं आणि 'दुपारी २ ते ४ बंद' अशी पाटी लावली. पहिल्याच दिवशी अडीच वाजता शेजारीण दार ठोठावू लागली. हेमा आजारी पडली, नाहीतर दार कशाला लावेल? तीन वाजता दुसऱ्या घरून पेज आणि खारातली कैरी आली, ती खिडकीतून आत घ्यावी लागली. साडेतीनला आतून सासू ओरडली, "हेमा, भायर कोण हाका मारता तां बघ गो!" दोन तासांत तिची एक ओळ झाली नाही. संध्याकाळी तिने पाटी काढली आणि तिच्या मागे पुढच्या प्रकरणाची टिपणं लिहिली. "उघड्या दारात लोक एकदाच येतत, शैला. बंद दारात धा वेळा."

कादंबरी नदीकाठच्या चोपडे गावातल्या एका बाईची होती. नदीवर पूल झाला, होडी बंद पडली, आणि होडीवाल्याच्या घरातल्या सावित्रीचं पुढे काय झालं, ती गोष्ट. मी टाइप करता करता वाचत होते आणि कबूल करते, एका प्रकरणाशी मी काम थांबवून बसून राहिले. इतकी वर्षं लोकांचं लिहिलेलं टाइप केलं, पण असं कधी झालं नव्हतं. माझ्याच ओळखीच्या नदीकाठाला मी पहिल्यांदा बघत होते.

म्हणूनच त्या वर्षी म्हापशाच्या एका साहित्य मंडळाने अप्रकाशित कादंबऱ्यांची स्पर्धा लावली तेव्हा मी हट्टालाच पेटले. पहिली आली तर मंडळ पुस्तक छापणार होतं. हेमाताईलाही ते हवं होतं, अगदी मनापासून. तिने मला एकदाच सांगितलं, "शैला, माका छापील बघूचां आसा. एकदा. माझ्या नावाचां." एरवी प्रत्येक गोष्टीची थट्टा करणारी बाई, हे बोलताना मात्र यंत्राच्या चाकाकडे बघत होती. शेवटची तारीख होती गणेशचवथीच्या आधीचा शनिवार, संध्याकाळी पाच. आणि चवथ म्हणजे शिवणाऱ्या बाईचा हंगाम! अख्ख्या गावाला नवे कपडे हवेत. तरी तिने ओढून आणलं. शनिवारी सकाळी फक्त शेवटची तीन-चार पानं राहिली होती.

मी लॅपटॉप घेऊन पार्शाला जाऊन बसले. ती लिहील तसं मी टाइप करणार, दोनला निघायचं, म्हापशाला छापून साडेचारला मंडळात द्यायचं. सगळं ठरलेलं. ती लिहीत होती, आणि खोटं कशाला सांगू, तिला इतकं भराभर लिहिताना मी कधी पाहिलं नव्हतं. अकरा वाजता दारात एक बाई उभी राहिली. बेळगावकडची, जवळच्या तुये गावात बांधकामावर काम करणारी. सोबत एकोणीस-वीस वर्षांची मुलगी आणि हातात पांढऱ्या कापडाचं पुडकं.

"ताई, शिंप्यानं कापड तसंच परत दिलं बघा. चवथीचं काम लई हाय म्हणाला," ती बाई दारातूनच बोलू लागली. "पोरीला नर्सिंगला घेतलंय. सोमवारी हजर व्हायचं हाय, पांढऱ्या कपड्यात. आजच्या पाचच्या गाडीनं निघायचं हाय आमास्नी." मुलगी नुसती हेमाताईच्या हातातल्या पेनाकडे बघत होती.

हेमाताईने वहीत बघितलं. वाक्य 'सावित्रीने वल्हं उचललं आणि' इथे होतं. तिने टेप काढली आणि उठली.

"हेमाताई, आज नाही!" मी जवळजवळ ओरडले. "आज तरी नाही म्हण!"

"शैला, सावित्री खय पळान जातली?" ती मुलीच्या खांद्यावर टेप लावत म्हणाली. "ह्या पोरीची गाडी जातली." आणि 'आणि' च्या पुढे तिने शांतपणे लिहिलं, खांदा चौदा, छाती बत्तीस, उंची अडतीस.

मला इतका राग आला की मी लॅपटॉप मिटला. वाटलं, हिला काही किंमतच नाही, ना माझ्या कष्टांची ना स्वतःच्या लिहिण्याची. जग हिला हवं तेव्हा उठवतं आणि ही उठते. मी तसं तोंडावर बोललेही. तिने वर न बघता कापड कातरलं. पण तिचे ओठ घट्ट मिटलेले होते, आणि कातर चालवता चालवता तिने एकदा दंडाने डोळे पुसले. तेव्हा मला कळलं की आपलं काय जातंय ते तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. मी उठून तिच्यासाठी इस्त्री तापवली. मुलीच्या आईने हूक लावले. चार वाजून गेल्यावर मुलगी पांढऱ्या कपड्यात आरशासमोर उभी राहिली. तिने मागे वळून हेमाताईच्या पायांना हात लावला तेव्हा हेमाताई म्हणाली, "पाया मागीर पड, आदी गाडी धर!" पाच वाजले तेव्हा आम्ही दोघी पार्शाला चहा पीत बसलो होतो.

स्पर्धेत कोणाचं काय झालं मी विचारलंही नाही. चवथ झाली, आणि दोन आठवड्यांनी शुक्रवारी हेमाताई वही घेऊन माझ्या दुकानात. शेवटचं प्रकरण पुरं. पानांना गूळ-खोबऱ्याचे डाग, कारण पातोळ्या उकडत असताना चुलीशी बसून लिहिलेलं. मी ते टाइप केलं आणि ठरवलं, मंडळ गेलं खड्ड्यात. माझ्या ओळखीचा छापखाना आहे, हे पुस्तक मी छापणार. माझ्या आयुष्यात मी एवढ्या ताठ मानेने दुसरं कुठलंच काम केलेलं नाही. आज मी दुकान बंद करून डिचोलीला मुलाकडे राहते, पण कोणी विचारलं तू काय केलंस तर मी ते पुस्तक दाखवते.

मलपृष्ठाचा मजकूर मी स्वतः लिहिला होता. चांगला दोन दिवस खपून. 'शिवणकाम आणि संसार सांभाळून हेमलताताईंनी ही कादंबरी लिहिली.' छापण्याआधी सगळं पुस्तक तपासायला तिच्याकडे दिलं. तिने पूर्ण पुस्तकात चार चुका काढल्या, मग शेवटी या ओळीशी थांबली.

"शैला, ही ओळ उसव."

"का? चांगली आहे की. लोकांना कौतुक वाटेल."

"सांभाळून म्हटल्यार चोरून केल्यासारख्यां वाटता," ती म्हणाली. "मी काय चोरून केलंय नाय. सगळ्यांच्या फुड्यात केलंय, मशीनीर बसान. शिवणां माझां, लिवणां पण माझां. कोणी कोणाक सांभाळूक नाय."

मी ओळ पुसली. "मग काय घालू?"

तिने एकेक शब्द सांगितला आणि मी एकेक शब्द टाइप केला.

'हेमलता. राहणार पार्से. कपडे शिवते. कादंबऱ्या लिहिते.'

"कादंबऱ्या?" मी म्हटलं. "एकच झालीय अजून."

"तू टाइप कर," ती म्हणाली.