सगळ्यांच्या टाक्या बंद करणारी माझी बायको

धावपट्टीच्या कडेला आमच्या पत्र्याच्या शेड आहेत आणि प्रत्येक शेडमध्ये एकेक वेडा स्वतःच्या हातानं विमान बांधतोय. त्यातला एक वेडा मी. माझी बायको सगळ्यांच्या विमानांना पेट्रोलच्या टाकीतलं सीलंट लावून देते, म्हणून तिला सगळे ‘लांबीवाल्या वहिनी’ म्हणतात. भिंतीच्या भेगेत लांबी भरतात ना, तसं. आणि मला म्हणतात, ‘वहिनींचे मिस्टर’. ऐकलं की नाकाला मिरच्या झोंबतात.

तिचा हात मूळचा दातांच्या दवाखान्यातला. डॉक्टरांना दाढेत भरायचा मसाला कालवून देण्यात तिची निम्मी नोकरी गेली. घट्ट झाला तर डॉक्टर ओरडणार, पातळ झाला तर पेशंट. दवाखाना सुटल्यावर ती मला डबा द्यायला शेडवर येऊ लागली. एक दिवस शेजारच्या शेडमधला सुतार सीलंट कालवत होता. तिनं जरा वेळ पाहिलं आणि त्याच्या हातातली पाती काढूनच घेतली. “भाऊ, हे काय पिठलं आहे का घोटायला?” म्हणाली. त्या दिवसापासून मी तिला गमावलं म्हणा ना.

सीलंटच्या एका मोठ्या डब्यात दोन लहान डबे येतात. एकात पांढरा घट्ट लगदा, दुसऱ्यात डांबरासारखा काळा. दहा भाग पांढऱ्याला एक भाग काळा, तोही काट्यावर तोलून. चमच्यानं मोजणाऱ्याला ती सरळ बाहेर काढते. मग काचेवर रुंद पातीनं पसरायचं, गोळा करायचं, पुन्हा पसरायचं. फेटायचं नाही, फेटलं की हवा शिरते. सगळीकडे एकसारखा करडा रंग आला की झालं. पांढरी रेघ राहिली तर तेवढी जागा कच्चीच राहते आणि टाकी नेमकी तिथून गळते. वास सडक्या अंड्यांचा. तो सुटला की लोक नाक दाबून खूश होतात. “वहिनी आल्या वाटतं!”

आमच्या घरी दोन फ्रिज आहेत. मोठा सीलंटचा आणि लहान आमचा. न उघडलेले डबे मोठ्यात मधल्या फळीवर. कालवून उरलेला माल पिचकाऱ्यांत भरून वर बर्फाच्या कप्प्यात, कारण गारठ्यात त्याचं घट्ट होणं लांबतं. हवी तेव्हा पिचकारी काढायची, पण बंद पिशवीतच ठेवून खोलीइतकी ऊबदार होऊ द्यायची. आधी उघडली तर तिच्यावर दव धरतं आणि माल वाया. मला तिनं एवढ्या निगुतीनं कधी सांभाळल्याचं आठवत नाही. माझी भाजी लहान फ्रिजमध्ये दुधाच्या पातेल्यावर तोल सांभाळत उभी असते.

हे सगळं मी सहन केलं असतं. पण आमच्या शेडच्या गल्लीत एक रिवाज आहे. विमानाची चाचणी झाली की चालवणाऱ्याच्या शेजारच्या खुर्चीवर पहिला मान टाकी बंद करणाऱ्याचा. कामाची खात्री असेल तर बसून दाखव, एवढाच त्याचा अर्थ. त्यामुळे माझी बायको सुताराच्या विमानात बसली, घड्याळवाल्याच्या विमानात बसली, दोघा भावांच्या विमानात तर दोनदा, कारण तिला आधी कोण नेणार यावरून ते भांडत होते. एका माझ्याच विमानात ती बसलेली नाही. माझं अजून जमिनीवर आहे. टाकीचा मागचा पत्रा बसवला की टाकी बंद होईल, पण आत कुठंतरी पत्रे जोडणारा एखादा रिव्हेट, म्हणजे ठोकून बसवलेली खिळी, मनासारखा नसतो. मग मी तो काढतो.

सगळ्यांत जास्त पोटात दुखतं ते कॅप्टनमुळे. हा माणूस आयुष्यभर मोठी विमानं चालवून निवृत्त झाला, तरी हौस फिटली नाही. पांढऱ्या मिशा, इस्त्रीचा शर्ट आणि तोंडात साखर. “वहिनी, तुमच्या हाताला तोड नाही.” त्याच्या विमानातून उतरली तेव्हा तिचे केस विस्कटलेले होते आणि ती हसत होती. तसं हसणं मी घरात बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. मला म्हणाली, “अहो, वरून आपली गच्ची दिसते! तुमचा बनियन वाळत होता.” दुसऱ्या पुरुषाशेजारी बसून माझा बनियन बघून आली! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, “बरं.”

परवा कहर झाला. मी मोठा फ्रिज उघडला तर मधल्या फळीवरचा माझा डबा नव्हता. माझ्या टाकीसाठी म्हणून ठेवलेला, त्यावर मी स्वतः चिठ्ठी चिकटवलेली. कॅप्टन आता दुसरं विमान बांधतोय. माझं पहिलं होईना आणि ह्याचं दुसरं! मला काय ते कळलं. शेडवर गेलो तर ती आमच्या टेबलाशी काच पुसत उभी होती.

“माझा डबा कॅप्टनला दिलास?”

“दिला,” ती म्हणाली. “महिनाअखेर मुदत संपत होती.”

“माझ्या नावाचा डबा होता तो!”

“सगळे तुमच्याच नावाचे होते.”

तिनं फडकं खाली ठेवलं.

“दरवर्षी तुमच्या टाकीसाठी ताजा डबा मागवते. दरवर्षी तुम्ही म्हणता, आत्ता नको, एक रिव्हेट बघायचाय. मुदत संपत आली की टाकून देववत नाही, म्हणून ज्याची टाकी तयार असेल त्याच्यात घालते. सुताराची, घड्याळवाल्याची, कॅप्टनची. सगळे तुमच्या सीलंटवर उडतायत अहो. तुम्हीच तेवढे राहिलात.”

मग जे इतकी वर्षं पोटात होतं ते रागातच बाहेर पडलं.

“त्यांना काय जातंय उडायला? त्यांच्या शेजारी बसलेली बाई त्यांची बायको नव्हती! माझ्या विमानात तू बसणार. एक रिव्हेट चुकला तर?”

मला वाटलं, आता डोळे पुसेल, निदान जवळ तरी येईल. पण दवाखान्यात वर्षं काढलेली बाई ती. खुर्चीत बसून तोंड न उघडणारे पेशंट तिनं शेकड्यानं पाहिलेत. तिनं हातमोजे चढवले. टेबलाखालून नवा डबा काढला. सकाळपासूनच तो फ्रिजबाहेर होता, त्यावर दवाचा थेंबसुद्धा नव्हता.

“टाकी मी मघाशी पुसून घेतलीय. आतून, बाहेरून,” ती म्हणाली. “तुम्ही दाढी करत होतात तेव्हा.”

“अगं थांब, तो कोपऱ्यातला एक रिव्हेट—”

तिनं पांढरं तोललं, काळं तोललं आणि काचेवर दोन्ही एकत्र केलं. माझ्या डोळ्यांदेखत पांढऱ्यात काळ्या रेघा फिरल्या, मग पुसट झाल्या, मग सगळं करडं झालं. शेडभर तो घाण वास पसरला. एकदा मिसळलं की ते कुणासाठी थांबत नाही, दोनेक तासांत घट्ट होऊन पातीला ओढू लागतं. हे तिला माहीत होतं आणि मलाही.

“पत्रा धरायला एक माणूस लागेल,” पाती काचेवरून न उचलता ती म्हणाली. “तुम्ही धरताय, की कॅप्टनना हाक मारू?”

मी पत्रा उचलला.