काच फोडायला शिकलेला भाता

माझ्या मेहुण्याला कारखान्यात सगळे ‘भाता’ म्हणत. खरं नाव हजेरीपटावर होतं, ते तिथंच राहिलं. बायकोचा भाऊ म्हणून कौतुक करतोय असं समजू नका. बायकोच्या भावाचं कौतुक करायला फार मोठं मन लागतं, माझं तेवढं मोठं नाही. पण नळीच्या टोकाला वितळलेल्या काचेचा गोळा घेऊन हा फुंकू लागला, की मी पॅकिंग खात्यातलं काम टाकून भट्टीच्या दारात उभा राहायचो.

आमच्याकडे प्रयोगशाळांना लागणारे काचेचे चंबू बनायचे. पोट गोल, मान सरळ, काच सगळीकडे सारखी. भाता पंचवीस वर्षं भट्टीवर होता. गाल फुगवून इतकं हळू फुंकायचा, जणू तान्ह्या बाळाच्या डोळ्यात कचरा गेलाय. जोर केला की काच फुटते, आणि काच फुटली की भट्टीवरचे म्हातारे मिस्त्री दिवसभर बोलत नसत. त्यांचं न बोलणं शिव्यांपेक्षा वाईट.

मग एके वर्षी नियम आला. धुळीत, धुरात, भट्टीपाशी काम करणाऱ्या प्रत्येकाच्या फुप्फुसांची दरवर्षी तपासणी. कॅन्टीनमागच्या खोलीत एक टेबल, त्यावर छोटं मशीन, पुठ्ठ्याच्या नळ्या आणि नाकाला लावायचा चिमटा. तपासायला एक सिस्टर यायच्या. अंगकाठी किरकोळ, आवाज मात्र पार गेटपर्यंत जाणारा.

भाता केस विंचरून गेला. “सिस्टर, मशीन मोडलं तर मला बोल लावायचा नाही.”

“मोडा की,” सिस्टर म्हणाल्या. “छाती भरून श्वास घ्या, एका झटक्यात बाहेर फेका आणि संपेपर्यंत सोडत राहा.”

भात्यानं श्वास घेतला, गाल फुगवले आणि फुंकला. काय सुंदर फुंकला म्हणून सांगू. एकसारखा, शांत, कुठं हिसका नाही. सिस्टर “जोरात, जोरात” म्हणून ओरडत होत्या आणि हा आपला चंबू करत होता. पुनःपुन्हा करायला लावलं, प्रत्येक वेळी तेच. मशीनवरची रेघ गुडघे दुखणारी म्हातारी जिना चढते तशी चढली.

सिस्टरनी कागदावर प्रश्नचिन्ह काढून ठेवलं. डॉक्टरांनी प्रश्नचिन्ह पाहिलं की नाही कोण जाणे, रेघ मात्र पाहिली. हवा सुटायला फार वेळ लागतोय. पंधरा दिवसांनी पुन्हा तपासणी, तोवर भट्टीपासून लांब. तेव्हाही हेच निघालं तर कायमचं पॅकिंग.

असा माझा मेहुणा माझ्या हाताखाली आला.

“भाऊजी, पेंढा किती घालू?”

“चंबू म्हणजे तुझी बहीण आहे असं समज. कुठूनही धक्का लागता कामा नये.”

एरवी यावर तो मला दोन ऐकवल्याशिवाय राहिला नसता. त्या दिवशी मान खाली घालून पेंढा भरत राहिला. त्याच्या घरी त्याची बायको हातातली पाण्याची बादली काढून घेऊ लागली. आणि गंमत बघा, याला खरंच दम लागायला लागला. आमच्या घरी आला तर अर्ध्या जिन्यात बसला.

आमची ही वरून बघत होती. “परवापर्यंत पळत यायचास. आता काय झालं?”

“कागदावर आलंय, ताई.”

“मग कागदालाच जिना चढायला सांग. तू वर ये.”

आला, पण कठड्याला धरून.

इकडे सिस्टरना चैन नव्हतं. भट्टीवर फुंकणारे चौघे, आणि चौघांचीही रेघ एकाच वळणाची; भात्याची सगळ्यांत खाली म्हणून तेवढं त्यालाच हलवलं होतं. एका दुपारी डबा तसाच ठेवून त्या भट्टीवर आल्या आणि माझ्या शेजारी दारात उभ्या राहिल्या. मिस्त्री चंबू फुंकत होते. गाल टम्म, फुंकर हळुवार.

“काका, हे रोज असंच फुंकतात?” त्यांनी मला विचारलं.

“दुसरं कसं फुंकणार? काच फुटेल.”

सिस्टरनी कपाळाला हात लावला. “अहो, मला तर फुटेल असंच फुंकलेलं हवंय.”

त्यांनी चौघांना पुन्हा शिकवायला घेतलं. बाकीचे दोन-तीन दिवसांत शिकले. भाता मात्र नळी ओठाला लागली रे लागली की गाल फुगवायचा. “मी नाही फुगवत, ते आपोआप फुगतात,” म्हणायचा. पंधरा दिवसांतला एकच उरला तेव्हा मी मिस्त्रींना म्हणालो, “त्याला एकदा खरी काच फोडू द्या.”

“माझ्या भट्टीवर? मुद्दाम?”

“फुटली तरी वितळायला परत भट्टीतच जाणार ना.”

मिस्त्री हातातली नळी ठेवून मागे सरले. मग भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. “मी बघत नाही.”

एवढ्या एका खेळापुरतं भात्याला भट्टीपाशी येऊ द्यायची जबाबदारी सिस्टरनी घेतली. सगळ्यांनी चष्मे लावले, आम्ही लांब सरकलो. भात्यानं गोळा उचलला, फुंकला आणि मध्येच थांबला. दुसऱ्यांदाही तेच.

“होत नाही, भाऊजी. पाप केल्यासारखं वाटतं.”

“ठीक आहे. उद्यापासून पेंढा मोजून देत जाईन तुला. जन्मभर.”

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की काचेऐवजी मीच फुटतो की काय वाटलं. मग छाती भरली आणि सोडली. गोळा भोपळ्याएवढा झाला, घागरीएवढा झाला, साबणाच्या फुग्यासारखा पातळ झाला आणि फट्‌. कांद्याच्या पापुद्र्यासारखे काचेचे तुकडे तरंगत खाली आले.

“पंचवीस वर्षं शिकवलं ते गेलं,” भिंतीकडे तोंड करून मिस्त्री म्हणाले आणि त्यांचेच खांदे हसून हलू लागले.

दुसऱ्या दिवशी तपासणीच्या खोलीच्या खिडकीत अख्खा कारखाना. भात्यानं चिमटा लावला, नळी ओठांत धरली, गाल आत. आणि सोडला. रेघ भिंतीसारखी सरळ उभी चढली. सिस्टर “अजून, अजून, अजून” करत होत्या, खिडकीतले तेच ओरडत होते, भात्याचं तोंड भट्टीसारखं लाल. तीनदा फुंकला, तिन्ही रेघा एकमेकींवर बसल्या. डॉक्टरांनी दोन्ही वेळचे कागद शेजारी ठेवले आणि म्हणाले, या वयाला एवढी हवा त्यांनी क्वचित पाहिली होती.

एक मात्र सांगायला हवं. रेती चाळणाऱ्या एकाची रेघ नीट फुंकूनही खालीच राहिली. त्याचं दुखणं खरं होतं आणि वेळेत सापडलं. त्याला भांडारात हलवलं, चाळणीवर झाकण आणि पाण्याचा फवारा बसवला. तो अजून माझ्याकडे पत्ते खेळायला येतो आणि लबाडी करतो.

भाता त्याच दुपारी भट्टीवर गेला. पहिलाच चंबू फट्‌कन फुटला. “आता याला परत हळू फुंकायला शिकवा,” मिस्त्री म्हणाले. दुसरा चंबू मात्र असा उतरला, की मी तो स्वतःच्या हातानं पेंढ्यात गुंडाळला.

संध्याकाळी मी त्याच्याबरोबर त्याच्या घरी गेलो. दारातूनच त्यानं बादली उचलली. त्याच्या बायकोनं आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहिलं. आतून दुसरी बादली आणली आणि त्याच्या रिकाम्या हातात दिली.