फॅन पेजवर झालेलं माझं लग्न

माझं लग्न झाल्याचं मला फोनवरून कळलं. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते, बास्केटबॉलच्या टीममध्ये सेंटर खेळायची. टीमचं एक फॅन पेज होतं, कॉलेजातलीच मुलं चालवायची. त्यावर माझा फोटो, कडेवर बाळ, आणि खाली ओळ: "हमारी सेंटर अट्ठाईस की है, पाटन में ससुराल है, मार्कशीट फर्जी." बाळ मावसबहिणीचं होतं. मावशी पाटनला राहते, एवढंच त्यात खरं.

वर्गातल्या मुलींपेक्षा मी मोठी होते, हे मात्र खरं. बारावीनंतर आईला लकवा झाला. बाबा खमरियाच्या फॅक्टरीत, सकाळीच बाहेर पडायचे. तिला उठवणं, न्हाऊ घालणं, ऑटोने नेपियर टाउनच्या दवाखान्यात व्यायामासाठी नेणं माझ्याकडे. तीन वर्षांनी ती भिंत धरून चालायला लागली, तेव्हा मी ॲडमिशन घेतली. विद्यापीठाच्या स्पर्धेत पंचविशीपर्यंत खेळता येतं, जन्मतारीख दहावीच्या मार्कशीटवरून बघतात. मी तेवीस वर्षांची होते.

आधी हसू आलं. मग कमेंट वाचल्या. "सच्ची है तो मार्कशीट डाले." "तीन साल कहाँ थी?" हीच पोरं मागच्या मॅचला ढोल घेऊन आली होती. माझ्यापायी टीम बाद होईल, अशी त्यांना भीती.

फॅक्टरीच्या गेटवर कुणीतरी बाबांना विचारलं, "भैया, बिटिया की शादी कर दी, मिठाई भी नहीं खिलाई?" बाबा घरी आले आणि डबा आपटलाच.

"टाकून दे न ती मार्कशीट फोनवर. काहून लपवून राहिली?"

"लपवून नाही राहिली, बाबा. ज्यांना दाखवायची त्यांना दाखवली. ह्यांना काहून दाखवू? आज मार्कशीट मागतात, उद्या आईच्या दवाखान्याचे कागद मागतील."

आई पलंगावरून ऐकत होती. आजारानंतर तिचे शब्द जड झाले होते. "सांग न... त्यांना. माझ्यामुळे..."

"तुझ्यामुळे काही नाही!" मी ओरडलेच. तिने तोंड भिंतीकडे केलं. मला वाईट वाटलं, पण मी बधले नाही. न्हाणीत ती रडायची, मी चिडायची, मग दोघी हसायचो. ती तीन वर्षं आमची होती. ती मी कुणाच्या कमेंटखाली टाकणार नव्हते.

स्पर्धा आमच्याच ग्राउंडवर होती. पहिल्या मॅचआधी निनावी तक्रार आली. खेळाडूंचे कागद तपासणाऱ्या मॅडमनी मला टेबलापाशी बोलावलं. दहावीची मार्कशीट पाहिली, शिक्षणातल्या गॅपचं शपथपत्र वाचलं.

"तीन साल घर पर क्या किया?"

"माँ बीमार थीं, मैडम."

त्यांनी सही केली. "जाओ, वॉर्मअप करो."

कोर्टवर पाय ठेवला आणि मागून आवाज आला, "भाभीजी, शॉट!" आमचीच पोरं. लक्ष देऊ नको, असं कॅप्टन म्हणत होती, पण मला एकेक शब्द ऐकू येत होता. रागात मी लागोपाठ दोन फाउल केले. कोच सरांनी बाहेर बसवलं. अफवेबद्दल ते एक शब्दही बोलले नाहीत. म्हणाले, "गुस्सा पैरों में रख, हाथों में नहीं."

दुसऱ्या हाफला परत उतरले आणि उड्याच मारत राहिले. बोर्डावरून परतलेला जवळजवळ प्रत्येक बॉल मी घेतला. ती मॅच जिंकलो. सेमीफायनल हरलो, तेही चार पॉइंटांनी.

पुढच्या आठवड्यात पेज चालवणारा मुलगा कँटीनमध्ये समोर आला. "दीदी, बुरा मत मानना. एक बार मार्कशीट डाल देतीं, तो मामला खतम था."

"नहीं डालूँगी."

"तो पोस्ट हटा दूँ?"

"तेरी मर्ज़ी. मैं कहने नहीं आई थी."

मी समोसा संपवला आणि प्रॅक्टिसला गेले. पोस्ट त्याने काढली नाही. पुढच्या वर्षी मला चोवीस पूर्ण झाली होती, तरी नियमात बसत होते. फॉर्म भरला आणि खेळले.